केंटकीचे गव्हर्नर : मवाळ की नेमस्त?

अमेरिकेतील केंटकी या राज्याने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना अध्यक्षपदासाठी सुमारे तीस टक्क्यांचे मताधिक्य दिले. तेथील १२० परगण्यांपैकी ११८ परगणे ट्रम्प यांच्या बाजूने गेले. असे असूनही २०१९ साली आणि पुन्हा २०२३ साली याच राज्याच्या मतदारांनी गव्हर्नर म्हणून अँडी बेशियर या डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्याची निवड केली. जनमताच्या चाचण्यांतून त्यांच्या कारभाराला पसंती देणाऱ्यांचे प्रमाण वारंवार साठ टक्क्यांच्या वर गेलेले दिसते. त्यांची मुदत डिसेंबर २०२७ मध्ये संपते आणि २०२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीचे संभाव्य उमेदवार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. या चमत्काराचा उलगडा करताना बहुतेक भाष्यकार एकच शब्द वापरतात : बेशियर हे ‘मॉडरेट’, म्हणजे मध्यममार्गी आहेत. हे उत्तर सोपे आहे, सोयीचेही आहे. पण ते खरे आहे काय?

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. आपल्याकडील राज्यपाल आणि अमेरिकेतील गव्हर्नर यांच्यात नावाखेरीज फारसे साम्य नाही. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेतील गव्हर्नर लोकांच्या थेट मतांनी निवडून येतो, राज्याचा कारभार प्रत्यक्ष चालवतो आणि विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकावर नकाराधिकारही वापरतो. तेव्हा तुलना करावयाचीच तर ती आपल्या मुख्यमंत्र्याशी करावी लागेल. फरक एवढाच की, या मुख्यमंत्र्याला विधिमंडळातील बहुमताची गरज नसते. विधिमंडळ एका पक्षाचे आणि गव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा, ही स्थिती तेथे अपवादात्मक मानली जात नाही. बेशियर यांचा सारा कारभार अशाच स्थितीत चाललेला आहे.

एक शब्द, तीन अर्थ

‘मॉडरेट’ या शब्दाशी मराठी वाचकांची ओळख जुनी आहे. १९०७ साली सुरतेला काँग्रेस दुभंगली, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी या शब्दासाठी दोन प्रतिशब्द रूढ केले : ‘मवाळ’ आणि ‘नेमस्त’. या दोन शब्दांच्या छटा एक नाहीत. मवाळ म्हणजे मऊ, दाबले की दबणारा. या शब्दात प्रतिपक्षाने केलेला उपहास आहे. नेमस्त म्हणजे नेमाने, मर्यादेने वागणारा. या शब्दात शिस्तीचा आदर आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. पण ती मागणी त्या काळाच्या मानाने मवाळ होती, असे कोण म्हणेल? मार्ग नेमस्त होता, उद्दिष्ट नव्हे.

आजच्या राजकीय चर्चेत या दोन छटांत तिसरी मिसळली गेली आहे. मध्यममार्गी म्हणजे दोन पक्षांच्या भूमिकांच्या बरोबर मध्ये उभा असलेला, असा तो अर्थ. म्हणजे एकाच शब्दाने आपण तीन निरनिराळ्या गोष्टी मोजू पाहतो. बोलण्यावागण्यातील सौम्यता ही पहिली, धोरणात्मक भूमिकेचे स्थान ही दुसरी आणि हाती आलेली सत्ता वापरण्यातील संयम ही तिसरी. एखादा पुढारी पहिल्या मापाने मध्यममार्गी ठरतो म्हणून तो दुसऱ्या वा तिसऱ्या मापाने ठरेलच असे नाही. बेशियर यांच्याविषयीचा गोंधळ मुख्यतः येथूनच उद्भवतो.

दोन दुकानांचा दाखला

अर्थशास्त्राच्या वर्गात हॅरॉल्ड हॉटेलिंग यांच्या १९२९ सालच्या निबंधातील दाखला आजही शिकविला जातो. एका लांब रस्त्यावर दोन दुकानदारांना दुकाने थाटावयाची आहेत आणि गिऱ्हाईक जवळच्या दुकानात जाणार आहे. प्रत्येक दुकानदार दुसऱ्याचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी थोडे थोडे सरकत राहतो आणि अखेर दोन्ही दुकाने रस्त्याच्या मध्यभागी शेजारी शेजारी येतात. अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली हाच विचार राजकीय पक्षांना लागू केला. निवडणूक जिंकावयाची असेल तर मधल्या मतदारापर्यंत सरकले पाहिजे, हे त्याचे सूत्र.

या सूत्राप्रमाणे केंटकीसारख्या राज्यात निवडून येणाऱ्या डेमोक्रॅट गव्हर्नराने पुष्कळच उजवीकडे सरकलेले असावयास हवे. म्हणूनच बेशियर निवडून आले त्या अर्थी ते मध्यममार्गी असलेच पाहिजेत, असा उलटा तर्क केला जातो. यात पुराव्याच्या जागी निष्कर्षच वापरला जातो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय हॉटेलिंग यांचा रस्ता एकच होता. मतदाराच्या मनात अनेक रस्ते असतात. गर्भपाताबाबत एक मत, शाळेबाबत दुसरे, बंदुकीबाबत तिसरे आणि आपल्या निवृत्तिवेतनाबाबत चौथे. या साऱ्यांची सरासरी काढली की मतदार मध्यावर उभा आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्या मध्यावर कोणीच राहत नसते. तो केवळ आपल्या गणिताने काढलेला बिंदू असतो.

२०२४ च्या निवडणुकीनेच याचा उत्तम दाखला दिला. ज्या दिवशी केंटकीने ट्रम्प यांना भरघोस मते दिली, त्याच दिवशी सार्वजनिक पैसा खाजगी शाळांकडे वळविण्याची मुभा देणारी घटनादुरुस्तीही मतदारांपुढे होती. रिपब्लिकन विधिमंडळाने ती मांडली होती आणि बेशियर यांनी तिच्याविरुद्ध प्रचार केला होता. सुमारे ६५ टक्के मतदारांनी ती फेटाळली आणि १२० पैकी एकाही परगण्यात तिला बहुमत मिळाले नाही. दिवस एकच आणि मतपत्रिकाही एकच. तरी दोन रस्त्यांवर दोन निरनिराळे कौल मिळाले.

शिक्षकांच्या निवृत्तिवेतनापासून

बेशियर यांचा उदय कशातून झाला हे पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. त्यांचे वडील स्टीव्ह बेशियर हे २००७ ते २०१५ या काळात केंटकीचे गव्हर्नर होते. त्यांच्यानंतर मॅट बेव्हिन हे रिपब्लिकन उद्योजक निवडून आले. राज्याच्या निवृत्तिवेतन निधीत मोठी तूट साचली होती, ही गोष्ट खरीच होती. त्यावर उपाय म्हणून २०१८ साली एक विधेयक मंजूर झाले. पण ते मंजूर करून घेण्याची रीत विलक्षण होती. सांडपाण्याच्या व्यवस्थेविषयीच्या एका विधेयकातील मूळ मजकूर काढून त्या जागी निवृत्तिवेतनाच्या तरतुदी घालण्यात आल्या आणि ते घाईघाईने संमत करण्यात आले. राज्यभरातील शिक्षकांनी सामूहिक रजा टाकल्या आणि ते राजधानी फ्रँकफर्टमध्ये जमले. गव्हर्नर बेव्हिन यांनी शिक्षकांविषयी अशी काही वक्तव्ये केली की, त्यांतील एकाबद्दल त्यांना माफी मागावी लागली.

त्यावेळी अँडी बेशियर हे राज्याचे निर्वाचित महाअभिवक्ता होते. त्यांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. विधेयकाचे वाचन तीन निरनिराळ्या दिवशी झाले पाहिजे, हा घटनेतील दंडक पाळला गेला नाही, या कारणावरून डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द ठरविला. निवृत्तिवेतन किती असावे यावर हा खटला लढविला गेला नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. निर्णय कोणत्या रीतीने घेतला गेला, हा त्याचा विषय होता. उपगव्हर्नरपदासाठी बेशियर यांनी जॅकेलिन कोलमन या शिक्षिकेला आपल्याबरोबर घेतले होते आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी बेव्हिन यांचा अवघ्या पाच हजारांवर मतांनी पराभव केला. त्याच दिवशी राज्यस्तरावरील अन्य पदांच्या निवडणुका रिपब्लिकनांनी जिंकल्या.

२०२३ च्या मार्चमध्ये जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठी आपल्या राज्यातील शिक्षक-कर्मचाऱ्यांनी केलेला संप ज्यांना आठवतो, त्यांना हे राजकारण परके वाटण्याचे कारण नाही. नोकरी करणाऱ्या माणसाने तीस वर्षांच्या हिशेबावर आपले आयुष्य बेतलेले असते. तो हिशेब मध्येच बदलला तर तो कोणत्या बाजूने बदलला हे पाहण्याआधी, आपल्याला विचारले नाही, हेच त्याला अधिक झोंबते. शब्द पाळा आणि नियमाने वागा, अशी ही मागणी असते. डावे-उजवेपणाच्या फूटपट्टीवर तिला जागा नाही. बेशियर यांच्या पहिल्या विजयाचे मर्म येथे आहे.

नकाराधिकाराचे गणित

आता त्यांच्या धोरणांकडे वळू. २०२२ साली विधिमंडळाने पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घालणारे विधेयक संमत केले. बेशियर यांनी नकाराधिकार वापरला. २०२३ च्या मार्चमध्ये लिंगांतरित मुलांच्या वैद्यकीय उपचारांवर बंदी आणणारे व शाळांवर निर्बंध घालणारे विधेयक त्यांच्यापुढे आले. निवडणूक आठ महिन्यांवर होती. तरीही त्यांनी ते परत पाठविले. विरोधकांनी त्यावरून जाहिरातींचा मारा केला. बेशियर यांनी आपल्या धर्मश्रद्धेचा हवाला देऊन निर्णयाचे समर्थन केले. ते स्वतः चर्चमध्ये डीकन म्हणून सेवा देत आलेले आहेत. नोव्हेंबरमध्ये डॅनियल कॅमेरन यांचा सुमारे पाच टक्क्यांच्या फरकाने पराभव करून ते पुन्हा निवडून आले.

या भूमिका मध्यावरच्या नाहीत. त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुख्य प्रवाहातील भूमिका आहेत. मग त्यांना मध्यममार्गी म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही काय? दिसते, पण त्याचा परिणाम जाणवत नाही. याचे कारण केंटकीच्या घटनेतील एका तरतुदीत आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत गव्हर्नरचा नकार रद्द करण्यासाठी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. केंटकीत एकूण सभासदांचे साधे बहुमत पुरते. शंभरांच्या प्रतिनिधिगृहात ५१ आणि अडतीसांच्या सेनेटमध्ये २० मते मिळाली की गव्हर्नरचा नकार निष्प्रभ होतो. २०२४ च्या निवडणुकीनंतर या सभागृहांत रिपब्लिकनांचे अनुक्रमे ८० आणि ३१ सभासद होते. साहजिकच वर सांगितलेली दोन्ही विधेयके गव्हर्नरच्या नकारानंतरही कायदा झाली.

या गणिताचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ज्या राज्यात नकाराने काही अडतच नाही, तेथे नकाराधिकार हा मुख्यतः मतप्रदर्शनाचा अधिकार उरतो. गव्हर्नरला आपली भूमिका स्वच्छ मांडता येते आणि तिच्या परिणामांची जबाबदारी मात्र त्याच्यावर येत नाही. रिपब्लिकन मतदारालाही बेशियर यांना मत देताना फारशी धास्ती वाटत नाही. कायदे आपल्याच पक्षाचे होणार हे त्याला ठाऊक असते. म्हणजे विधिमंडळाने घातलेला लगाम आपण गव्हर्नरच्या स्वभावातील संयम समजून बसतो. घोडा हळू चालतो आहे की त्याला ओढून धरलेले आहे, हे दुरून पाहणाऱ्याला कळत नाही.

तथापि हे नकार फुकटचे होते, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. कायद्याच्या दृष्टीने त्यांची किंमत शून्य असली, तरी मतपेटीच्या दृष्टीने ती शून्य नव्हती. पाच टक्क्यांनी सुटणाऱ्या निवडणुकीत त्यांनी ती जोखीम उचलली. त्यावरून त्यांच्या निष्ठेची साक्ष पटते. पण निष्ठा निराळी आणि मध्यममार्ग निराळा.

जेथे लगाम नव्हता

एखाद्या सत्ताधीशाचा कल ओळखावयाचा असेल, तर जेथे त्याच्या एकट्याच्या सहीने काम भागते तेथे तो काय करतो हे पाहावे. अधिकारग्रहणानंतर पहिल्याच आठवड्यात, डिसेंबर २०१९ मध्ये, बेशियर यांनी अहिंसक गुन्ह्यांत शिक्षा भोगून सुटलेल्या १,४०,००० हून अधिक लोकांना मताधिकार परत दिला. त्यांच्या वडिलांनी जाता जाता असाच आदेश काढला होता आणि बेव्हिन यांनी तो मागे घेतला होता. गरिबांसाठीच्या मेडिकेड या वैद्यकीय साहाय्य योजनेला कामाची अट जोडण्याचा बेव्हिन यांचा प्रस्तावही त्यांनी लगेच मागे घेतला. करोनाच्या साथीत त्यांनी कडक निर्बंध लादले. ते इतके अप्रिय झाले की, मे २०२० मध्ये निदर्शकांनी त्यांचा पुतळा फासावर लटकविला. पुढे विधिमंडळाने त्यांचे आणीबाणीतील अधिकार कायद्याने छाटले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाच्या बाजूने कौल दिला. बेशियर यांनी तो निमूटपणे मान्य केला.

हा क्रम बोलका आहे. मोकळीक मिळाली तेथे ते आपल्या पक्षाच्या दिशेनेच चालले, मध्याकडे नव्हे. पण प्रत्येक वेळी पाऊल मापून टाकलेले दिसते. मताधिकार दिला तो अहिंसक गुन्हेगारांपुरता, सरसकट नाही. दारे बंद झाल्यावर ते दारावर धडका देत बसले नाहीत. आणि ज्या कामात पक्षभेदाला जागा नाही ते त्यांनी मनापासून केले. डिसेंबर २०२१ च्या चक्रीवादळाने पश्चिम केंटकीत ऐंशीच्या घरात बळी घेतले. त्यांच्या घराण्याचे डॉसन स्प्रिंग्ज हे गावही त्यात उद्ध्वस्त झाले. जुलै २०२२ मध्ये पूर्वेकडील डोंगराळ भागात पुराने चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्या दिवसांत ते त्या भागांत वारंवार जात राहिले आणि रोज लोकांपुढे येऊन मृतांची व मदतीची माहिती देत राहिले. ज्या मतदाराने त्यांच्या पक्षाला कधी मत दिले नसते, त्याने या माणसाला मत दिले ते यासाठी.

खिशाचा प्रश्न

अर्थकारणात मात्र चित्र निराळे आहे. आणि प्रशंसक व टीकाकार दोघेही ज्याच्याकडे कानाडोळा करतात ते हेच. केंटकीत प्राप्तिकर एकाच दराने आकारला जातो. श्रीमंताला आणि कारकुनाला दर एकच. २०२२ साली विधिमंडळाने हा दर पाच टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने खाली आणण्याची योजना मंजूर केली आणि तिच्यासोबत विक्रीकराचे जाळे अनेक सेवांवर पसरविले. बेशियर यांनी ते विधेयक नाकारले. नकार अर्थातच रद्द झाला. पण २०२३ च्या आरंभी दर साडेचारवरून चार टक्के करणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्यावर सही केली. ते निवडणुकीचे वर्ष होते. २०२५ साली चारवरून साडेतीन टक्के करणाऱ्या विधेयकावरही त्यांनी सही केली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी याचा अर्थ चटकन सांगू शकेल. एकाच दराच्या प्राप्तिकरात अर्ध्या टक्क्याची सूट दिली तर लाख डॉलर मिळविणाऱ्याचे पाचशे डॉलर वाचतात आणि तीस हजार मिळविणाऱ्याचे दीडशे. विक्रीकराचा बोजा मात्र उलट्या दिशेने, कमी मिळकतीच्या कुटुंबावर तुलनेने अधिक पडतो, कारण त्याची जवळजवळ सारी मिळकत खर्चच होते. शिवाय तिजोरीत येणारा पैसा कायमचा कमी होतो. ज्या शिक्षकांना अकरा टक्के पगारवाढ द्यावी असा आग्रह बेशियर यांनी धरला होता, ती वाढ विधिमंडळाने दिली नाही. ती देण्याची शक्ती पुढेही राहावी, यासाठी जो महसूल हवा तोच या सह्यांनी आटत जातो.

सही नाकारूनही कायदा झालाच असता, हे त्यांचे समर्थन होऊ शकेल. पण मग सामाजिक प्रश्नांवर, निष्फळ ठरणार हे ठाऊक असूनही, नकार नोंदवायचा आणि कराच्या प्रश्नावर मात्र सही करावयाची, यातील निवड आपोआप उघडी पडते. सामाजिक प्रश्नांवर ते आपल्या पक्षाच्या मुख्य प्रवाहात आहेत. कराच्या प्रश्नावर ते प्रतिपक्षाच्या पुष्कळ जवळ गेले आहेत. उद्योगांना सवलती देऊन कारखाने आणण्यातही दोन्ही पक्ष त्यांच्यासोबत होते. २०२१ साली फोर्ड कंपनी आणि तिचा कोरियन भागीदार यांनी ५.८ अब्ज डॉलरचा विजेच्या मोटारींसाठीचा बॅटरी प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्याचे सर्वांनीच स्वागत केले. २०२५ च्या अखेरीस हे भागीदार वेगळे झाले आणि तेथील कामगारांवर कपातीची वेळ आली. या बाबतीत बेशियर यांचे श्रेय जसे एकट्याचे नव्हते, तसा दोषही एकट्याचा नाही. पण ‘नोकऱ्या आणणारा गव्हर्नर’ ही प्रतिमा किती नाजूक पायावर उभी असते, हे त्यावरून ध्यानात यावे.

व्हरमाँटचा ताळा

कोणत्याही हिशेबाचा ताळा पाहावा लागतो. येथे तो व्हरमाँट राज्यात सापडतो. तेथील गव्हर्नर फिल स्कॉट हे रिपब्लिकन. राज्य मात्र कट्टर डेमोक्रॅटिक. २०१६ पासून दर दोन वर्षांनी होणाऱ्या पाच निवडणुका त्यांनी सलग जिंकल्या आणि २०२४ साली सत्तर टक्क्यांहून अधिक मते मिळविली. लोकप्रियतेच्या चाचण्यांत ते देशातील सर्व गव्हर्नरांच्या अग्रभागी असतात. वरवर पाहता ते बेशियर यांचे आरशातील प्रतिबिंब वाटावे.

पण व्हरमाँटमध्ये नकार मोडावयास दोन तृतीयांश मते लागतात. म्हणून स्कॉट यांचा नकार प्रत्यक्षात बोचतो. त्यांनी पन्नासहून अधिक विधेयके नाकारली. २०२० साली सवेतन कौटुंबिक रजेच्या विधेयकावरील त्यांचा नकार प्रतिनिधिगृहात अवघ्या एका मताने टिकला. म्हणजे नोकरदारांना ती रजा मिळाली नाही याची जबाबदारी सरळ त्यांच्यावर येते आणि ती त्यांनी नाकारलेली नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बंदुकीच्या कायद्यात बदल नको, ही त्यांची आरंभीची भूमिका होती. २०१८ च्या आरंभी व्हरमाँटमधील एका शाळेत गोळीबार करण्याचा बेत वेळीच उघडकीस आला. त्यानंतर एप्रिलमध्ये त्यांनी बंदुकीवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यांवर राजधानीच्या पायऱ्यांवर जाहीरपणे सही केली. जमलेल्या गर्दीत त्यांचेच पूर्वीचे समर्थक होते आणि ते त्यांना द्रोही म्हणून हिणवीत होते.

मध्यममार्गाची खरी कसोटी येथे दिसते. प्रतिपक्षाला नकार देणे हा पक्षनिष्ठेचा भाग झाला. स्वतःच्या माणसांना, त्यांच्या तोंडावर, निर्णायक प्रसंगी नकार देणे आणि त्याची किंमत सोसणे म्हणजे मध्यममार्ग. स्कॉट या कसोटीला उतरले आहेत. बेशियर उतरले नाहीत असे म्हणता येत नाही. त्यांच्यावर तो प्रसंगच आलेला नाही. त्यांच्या पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांच्यापुढे कधी काही मांडलेच नाही.

नावात काय आहे?

यावर कोणी म्हणेल की, माणूस चांगला कारभार करतो, लोक त्याच्यावर प्रसन्न आहेत. मग त्याला मध्यममार्गी म्हटले काय अन् न म्हटले काय? पण नावावरून धोरणे ठरतात. २०२४ च्या पराभवानंतर डेमोक्रॅटिक पक्षात जो वाद चालला, त्यात बेशियर यांचे उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरले गेले. काहींच्या मते त्यांचा धडा असा की, पक्षाने अल्पसंख्य गटांची बाजू घेणे सोडून मध्याकडे सरकावे. पण बेशियर यांनी तर ती बाजू सोडलीच नाही. हा धडा स्वीकारला गेला तर ज्यांच्यासाठी त्यांनी जोखीम घेतली, तीच माणसे त्यांच्या नावाने वाऱ्यावर सोडली जातील. दुसरे काही जण म्हणतात की, ठाम उभे राहा, लोक येतातच. हेही अर्धसत्य आहे. त्या ठामपणाचे कायदेशीर परिणाम होऊ न देणारे विधिमंडळ पाठीशी होते, ही गोष्ट यात गाळली जाते. देशाच्या अध्यक्षाला असे कवच मिळेलच याची हमी नसते.

केंटकीच्या मतदाराने स्वतः काढलेला धडा याहून साधा असावा. २०२२ साली त्याने गर्भपाताचा हक्क घटनेतून पूर्णपणे वगळणारी दुरुस्ती फेटाळली. २०२४ साली शाळांचा पैसा वळविणारी दुरुस्ती फेटाळली. आणि मधल्या काळात पक्षाचे नाव न पाहता एका गव्हर्नरला पुन्हा निवडले. आपल्याशी सरळ बोलणारा, संकटात हजर राहणारा आणि नियम न मोडणारा माणूस त्याला हवा होता. असा माणूस आपल्याशी काही बाबतींत असहमत असला तरी तो त्याला चालतो.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे उत्तर असे आहे. अँडी बेशियर हे भूमिकांच्या दृष्टीने मध्यममार्गी नाहीत. करांचा अपवाद सोडला तर ते आपल्या पक्षाच्या मुख्य प्रवाहातच आहेत. ते मवाळही नाहीत. मवाळ माणसाने निवडणुकीच्या वर्षात ते विधेयक परत पाठविले नसते. त्यांना शोभणारा शब्द आपल्या जुन्या वृत्तपत्रांतच आहे : नेमस्त. वागण्यात, बोलण्यात आणि हाती असलेल्या मर्यादित अधिकाराच्या वापरात ते नेमस्त आहेत. अमर्याद नव्हे तरी पुरेशी सत्ता हाती आल्यावरही ते तसेच राहतील काय, याचे उत्तर केंटकीतील लोकप्रियतेच्या आकड्यांत मिळणार नाही.

आपल्याकडेही कोणत्याही लोकप्रिय मुख्यमंत्र्याला किंवा मंत्र्याला ‘समंजस’, ‘सर्वसमावेशक’ अशी बिरुदे सहज बहाल केली जातात. ती देण्यापूर्वी नागरिकाने दोन साधे प्रश्न विचारावेत. या माणसाला कोणी अडवून धरले होते काय? आणि अडविणारे कोणी नव्हते तेव्हा, आपल्याच लोकांना त्याने कधी ‘नाही’ म्हटले काय? लोकप्रियतेचा आकडा या प्रश्नांपुरता मुका असतो. उत्तरे कारभाराच्या वहीतूनच शोधावी लागतात.